नळ बंद केल्याने किती पाणी वाचते?

२२ मार्चचा जागतिक जलदिन जवळ आला की शाळाशाळांतून भित्तिपत्रके लागतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करा, गळकी तोटी दुरुस्त करून घ्या, ही यादी मुलांना पाठ असते. मग नववीतला एखादा चौकस विद्यार्थी उठून विचारतो, "सर, आम्ही तांब्याभर पाणी वाचवायचं आणि तिकडे कारखाने कोट्यवधी लिटर वापरणार. मग आमच्या वाचवण्याला अर्थ काय?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, विज्ञानाचा आहे. त्याची दोन तयार उत्तरे आपल्याकडे असतात. एक, 'थेंबे थेंबे तळे साचे.' दुसरे, 'खरे आहे, सगळा दोष मोठ्यांचाच.' दोन्ही उत्तरे हिशेब न करता दिलेली असतात. या लेखात आपण तो हिशेब करू. त्यासाठी गुणाकार-भागाकार आणि सुप्त उष्णतेची थोडी ओळख एवढेच पुरेसे आहे.

घरातला हिशेब

गळक्या नळापासून सुरुवात करू. सेकंदाला एक थेंब पडतो आणि तो पाव मिलिलिटरचा आहे असे समजा. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला २१,६०० मिलिलिटर, सुमारे साडेएकवीस लिटर. एका मोठ्या बादलीहून जास्त पाणी केवळ झिजलेल्या वॉशरपायी मोरीत जाते. दात घासताना नळ दोन मिनिटे सोडून ठेवला तर दहा-बारा लिटर जातात. तांब्या घेतला तर एक लिटर पुरते. जुन्या पद्धतीच्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी दहा लिटर किंवा अधिक पाणी जाते. दोन बटणांच्या नव्या टाकीत सहा किंवा तीन.

तेव्हा पाच माणसांच्या कुटुंबाने माणशी रोज दहा लिटर वाचवणे मुळीच अवघड नाही. दिवसाला पन्नास, वर्षाला सुमारे १८,००० लिटर. हा आकडा लक्षात ठेवू, कारण पुढे त्याची तुलना करायची आहे.

मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २४ लाख होती. प्रत्येकाने रोज दहा लिटर वाचवले तर १२ कोटी ४० लाख लिटर होतात. विहार आणि तुळशी या शहरातल्या दोन तलावांतून मिळून रोज सुमारे ११ कोटी लिटर पाणी मिळते. म्हणजे ही बचत दोन तलावांच्या पुरवठ्याएवढी झाली. पण मुंबईचा एकूण पुरवठा रोज सुमारे ३९० कोटी लिटर आहे. त्याच्याशी ताडून पाहिले तर हीच बचत अवघी तीन टक्के भरते. एकच संख्या, पण कशाने भागतो यावर ती मोठी किंवा लहान ठरते. आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाची गोम या छेदात आहे.

कोण किती पाणी घेते?

अन्न व कृषी संघटनेच्या २०१० सालच्या आकडेवारीनुसार भारतात वर्षाला सुमारे ७६१ अब्ज घनमीटर पाणी नद्या, तलाव आणि भूगर्भातून उचलले जाते. त्यातले सुमारे ९० टक्के शेतीला, ७ टक्के घरगुती व नागरी वापराला आणि २ टक्के उद्योगांना जाते. हे पाहून विद्यार्थी गोंधळेल. उद्योगांचा वाटा तर घरांपेक्षाही कमी! मग कारखान्यांवर बोट का दाखवायचे?

देशाची सरासरी अशी फसवी असते. पाणी देशाच्या एका मोठ्या टाकीतून येत नाही. ते या धरणातून, त्या विहिरीतून येते. कोकणात वाहून गेलेल्या पाण्याचा मराठवाड्यातल्या तहानेशी संबंध नसतो. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो असा: आपले पाणी आणि त्यांचे पाणी एकाच साठ्यातून येते का? हे समजून घ्यायला लातूरइतके बोलके उदाहरण नाही.

लातूरचा उन्हाळा

२०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे मराठवाड्यात तुटीच्या पावसाची गेली. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा नदीवरील धनेगावचे धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे वाघिणींची संख्या पन्नासवर नेली गेली. म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर.

२५ लाख लिटर हा आकडा डोळ्यांत भरतो. पण २०११ मध्ये लातूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. भागाकार केला तर माणशी साडेसहा लिटर येतात. दात घासताना नळ चालू ठेवल्याने जाते, त्याहूनही कमी! तेवढ्या पाण्यासाठी त्या उन्हाळ्यात पन्नास वाघिणींची गाडी तीन जिल्ह्यांपलीकडून आणावी लागली. 'एवढ्याशा पाण्याने काय होते' या म्हणण्याला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर. लातूरची लोकसंख्या चार लाख आणि शहरी पुरवठ्यासाठी साधारणपणे धरले जाणारे माणशी रोज १३५ लिटरचे प्रमाण घेतले तर शहराची गरज रोज ५ कोटी ४० लाख लिटर, वर्षाला जवळजवळ २० दशलक्ष घनमीटर. म्हणजे भरलेल्या धरणाच्या उपयुक्त साठ्याचा नववा हिस्सा. बाष्पीभवनाने होणारी घट, धरणातला गाळ आणि धरणावर अवलंबून असलेली इतर गावे ध्यानात घेतली, तरीही एकट्या शहराच्या पिण्यावापरण्याने हे धरण रिकामे होत नाही एवढे निश्चित. मग पाणी कुठे जाते?

एका ट्रकमधला ऊस

उसाच्या पिकाला लागवडीपासून तोडणीपर्यंत साधारण दोन हजार मिलिमीटर किंवा अधिक पाणी लागते. एका हेक्टरवर, म्हणजे दहा हजार चौरस मीटरवर दोन मीटर उंचीचे पाणी म्हणजे वीस हजार घनमीटर, अर्थात दोन कोटी लिटर. हेक्टरी ऐंशी टन उतारा धरला तर एका टनामागे अडीच लाख लिटर. यातले काही पावसाने दिलेले असते. एक तृतीयांश पावसाचे धरून वजा केले, तरी टनाला सुमारे पावणेदोन लाख लिटर पाणी धरण, कालवा किंवा बोअरमधून द्यावे लागते.

आता गाडीचे २५ लाख लिटर घ्या. त्यात सुमारे पंधरा टन ऊस वाढेल. पंधरा टन म्हणजे साखर कारखान्याच्या गव्हाणीपुढे उभा असलेला एक ट्रक! दिवसाला अडीच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्याच्या आवारात असे दीडशेहून अधिक ट्रक रोज येतात.

येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते, त्यामुळे साखर कारखान्याला बाहेरचे पाणी फार लागण्याचे कारण नाही. उसातून निघालेले पाणीच पुन्हा वापरून गाळप चालवता येते. कारखान्याच्या नळाला मीटर लावून मोजले तर वापर थोडा दिसेल. पाणी खर्च झाले आहे ते शेतात, कच्चा माल तयार होताना. देशाच्या आकडेवारीत उद्योगांचा वाटा दोन टक्के दिसतो त्याचे एक कारण हे आहे. कापडामागचा कापूस, साखरेमागचा ऊस, तेलामागचे तेलबियांचे पीक, हे सगळे पाणी 'शेती'च्या रकान्यात पडते.

याचा अर्थ ऊस लावणारा शेतकरी गुन्हेगार आहे, असा मुळीच नाही. ज्या पिकाला ठरलेला दर आहे आणि घेणारा कारखाना जवळ आहे, ते पीक तो घेणारच. शिवाय पाटाने दिलेले सगळेच जादा पाणी वाया जात नाही. काही मुरून शेजारच्या विहिरींना मिळते. पण ठिबक सिंचनाने उसाचे पाणी चाळीस टक्क्यांनी जरी कमी झाले, तर हेक्टरी ऐंशी लाख लिटर वाचतात. आपल्या पाच माणसांच्या कुटुंबाची वर्षाची बचत होती १८,००० लिटर. म्हणजे एका हेक्टरवरचे ठिबक सुमारे साडेचारशे कुटुंबांच्या वर्षभराच्या काटकसरीएवढे भरते.

विजेच्या एका युनिटमागचे पाणी

उद्योगांमध्ये सर्वांत जास्त पाणी लागते ते कोळशावर वीज बनवणाऱ्या औष्णिक केंद्रांना. ते का लागते हे दहावीच्या भौतिकशास्त्रातून काढता येते.

विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जा. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण ३६ टक्क्यांचीच वीज होते. म्हणजे एका युनिटसाठी सुमारे २.८ युनिटइतकी उष्णता निर्माण करावी लागते. एक युनिट वीज झाली, ०.४ च्या आसपास धुराड्यातून व इतरत्र गेली, उरली १.४ युनिट, म्हणजे सुमारे ५० लाख ज्यूल. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करताना ही उष्णता काढून घ्यावी लागते आणि ती शीतकरण मनोऱ्यातून हवेत सोडली जाते. हा मनोरा म्हणजे एक अजस्र माठच. माठातले पाणी जसे थोडे पाझरून, वाफ होऊन बाकीचे गार करते, तसेच येथे होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता जाते. ५० ला २४ ने भागा: दोन लिटरहून थोडे अधिक. मनोऱ्यात साचणारे क्षार काढण्यासाठी सोडावे लागणारे पाणी, राख वाहून नेण्याचे पाणी वगैरे धरून हा आकडा वाढतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत जुन्या केंद्रांसाठी घातलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटर आहे.

हजार मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर या मर्यादेत राहूनही तासाला ३५ लाख लिटर पाणी लागेल. लातूरची पाण्याची गाडी २५ लाखांची होती. दिवसाचे होतात ८ कोटी ४० लाख लिटर, लातूरच्या रोजच्या गरजेच्या दीडपट. लातूरजवळच्या परळीचे औष्णिक केंद्र जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, त्याचे कारण या हिशेबात आहे.

आणखी एक. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होते. ती वीज अशा केंद्रातून आली असेल, तर आंघोळीच्या बादलीमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी दूर कुठेतरी आधीच खर्च झालेले असते. उद्योगाचे पाणी आणि घरचे पाणी यांच्यातली भिंत वाटते तेवढी जाड नाही.

वापरलेले पाणी जाते कुठे?

दुसरा महत्त्वाचा प्रश्न हा आहे. सांडपाण्याच्या योजना आखताना अभियंते असे धरतात की घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी गटारात परत येते. ते मळलेले असते, पण असते. शुद्ध केले तर पुन्हा बागेला, शेतीला किंवा उद्योगाला देता येते. शेतातून आणि शीतकरण मनोऱ्यातून वाफ होऊन गेलेले पाणी मात्र त्या खोऱ्यापुरते संपले. म्हणून 'किती घेतले' याबरोबर 'किती परत दिले' हेही विचारायला हवे.

आणि 'कसे परत दिले' हेसुद्धा. मळीपासून मद्यार्क बनवताना जे गडद तपकिरी सांडपाणी निघते, त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवण्यासाठी जिवाणूंना लिटरमागे ४०,००० मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात ही गरज लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. हे एक लिटर सांडपाणी केवळ पातळ करून त्या पातळीला आणायचे तर तेरा हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल! म्हणूनच ते प्रक्रियेशिवाय नदीत सोडायला कायद्याने बंदी आहे. कारखान्याचा पाणीवापर मोजताना तो किती पाणी पितो एवढेच पाहून भागत नाही. किती पाणी नासवतो हेही पाहावे लागते.

मग घरच्या बचतीला अर्थ केव्हा?

जेथे घरगुती वापर हाच त्या साठ्याचा मोठा वाटेकरी असतो, तेथे घरची बचत निर्णायक ठरते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहराला पाणी देणारी धरणे २०१५ ते २०१७ च्या दुष्काळात आटत गेली. त्या धरणांच्या पाण्यात शहराचा वाटा निम्म्याहून अधिक होता आणि शहरात सर्वांत मोठा वापर घरांचा होता. फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली गेली, शेतीचे पाणीही मोठ्या प्रमाणात कमी केले गेले. तीन वर्षांत शहराचा वापर निम्म्याहून खाली आला आणि नळ बंद करण्याची वेळ टळली. मात्र ही बचत झाली ती प्रामुख्याने बागा आणि पोहण्याचे तलाव असलेल्या घरांत. झोपडवस्त्यांचा वाटा मुळातच अगदी थोडा होता. त्यांनी काय वाचवायचे?

हा मुद्दा आपल्याकडे अधिकच लागू आहे. ग्रामीण भागासाठी २०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले. ज्या वाडीत टँकर येतो आणि बायका-मुली हंड्याने पाणी वाहतात, तेथे वीस लिटरही मिळत नाहीत. तेथल्या मुलांना 'पाणी जपून वापरा' हे सांगण्याची गरज नसते. ती मुले आपल्याला शिकवू शकतील.

याउलट, वाचवलेले पाणी योग्य ठिकाणी पोचत नसेल तर मोठी बचतही पोकळ ठरते. २०१६ च्या त्याच एप्रिलमध्ये क्रिकेटच्या आयपीएल सामन्यांसाठी मैदानांवर सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल असा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात मांडला गेला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश झाला. ६० लाख लिटर म्हणजे लातूरच्या गाडीच्या जवळजवळ अडीच खेपा. पण उसाच्या भाषेत ते तीस गुंठ्यांचे पाणी. आणि मुंबई, पुणे, नागपूरच्या मैदानावरचे पाणी वाचून ते लातूरला पोचण्याचा मार्गही नव्हता. औचित्याचा भाग म्हणून त्या निर्णयाला अर्थ होता. तहान भागवण्याचा उपाय तो नव्हता. त्याच सुमारास औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांचे पाणी ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांचे २५ टक्क्यांनी कमी करायला सांगितले. ते पाणी मात्र त्याच भागातले, त्याच साठ्यांतले होते.

वाचलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हे अखेर वाटपाच्या नियमांवर ठरते. आपल्या राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांचा क्रम होता आणि शेती तिसरी होती. २०११ मध्ये शेती दुसरी झाली. दरवर्षी १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते पाहून कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरवल्या जातात. घरोघरी वर्षभर नळ बंद करून वाचवलेल्या पाण्याहून कितीतरी अधिक पाण्याचा निर्णय तेथे एका बैठकीत होतो.

वर्गात काय करता येईल?

१. शाळेतल्या गळक्या नळाखाली दहा मिनिटे भांडे ठेवून पाणी मोजावे, दिवसाचा आणि वर्षाचा हिशेब काढावा. वॉशर बदलून पुन्हा मोजावे.

२. प्रत्येकाने घरी एका दिवसाचे पाणी बादल्या-हंड्यांच्या हिशेबाने मोजून माणशी आकडा काढावा. नावे न लिहिता सर्व आकडे फळ्यावर मांडावेत आणि ५५ व १३५ लिटरशी ताडून पाहावेत. एकाच वर्गात केवढी तफावत असते ते दिसेल. कमी पाणी मिळणाऱ्या मुलांना संकोच वाटणार नाही याची काळजी घ्यावी.

३. घरच्या वीजबिलातील युनिटना साडेतीनने गुणून जास्तीत जास्त किती पाणी होईल ते काढावे.

४. आपल्या गावाला कोणत्या धरणातून किंवा विहिरीतून पाणी येते, त्याच साठ्यावर आणखी कोण अवलंबून आहे, हे ग्रामपंचायत, नगरपालिका आणि पाटबंधारे कार्यालयात विचारून तक्ता करावा. वृत्तपत्रात येणारे धरणसाठ्याचे आकडे पंधरवड्याला त्या तक्त्यात भरावेत.

पहिले तीन प्रयोग मुलांना आपला वाटा दाखवतात. चौथा प्रयोग इतरांचा वाटा दाखवतो, आणि तोच शाळांतून सहसा केला जात नाही.

त्या नववीतल्या विद्यार्थ्याला आता उत्तर देता येईल. तुझ्या तांब्याभर पाण्याने उसाचा फड किंवा वीजकेंद्राचा मनोरा भरून निघणार नाही. हे खरेच आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण तू ज्या टाकीतून पाणी घेतोस, तिच्या शेवटच्या टोकाला एखादे घर असते. तेथे उन्हाळ्यात पाण्याची धार बारीक होते, आणि त्या घराच्या दृष्टीने तुझे दहा लिटर मोठे आहेत. म्हणून नळ बंद कर. आणि ज्याने स्वतःचे पाणी मोजले आहे, त्याला धरणाचे पाणी कोणाला किती मिळते हे विचारण्याचा हक्कही आहे आणि ते समजण्याची तयारीही. म्हणून तेही विचार. नळ बंद केला म्हणून हा प्रश्न सोडायचा नाही, आणि प्रश्न मोठा आहे म्हणून नळ उघडा ठेवायचा नाही.